विहिरीच्या पाण्यातला लाल पट्टा

गांडुळाचं रक्त लाल असतं, हे बहुतेकांना माहीत नसतं. मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं आणि दर वर्षी पहिल्या तासाला हेच विचारत आलो. पोरं हसतात. "सर, त्याला रक्त असतं?" असतं. आपल्यासारखंच लाल, कारण त्यातही लोह असलेलं, प्राणवायू वाहून नेणारं प्रथिन असतं. आपलं हिमोग्लोबिन तांबड्या पेशींत भरलेलं असतं. गांडुळाला तसल्या पेशी नाहीत. त्याचं प्रथिन रक्तात उघडंच विरघळलेलं फिरतं. उघडं फिरायचं आणि गळूनही जायचं नाही, म्हणून ते अवाढव्य असतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालच्या फोटोत ते षटकोनी दिसतं, एकावर एक ठेवलेल्या दोन सहाकोनी चाकांसारखं. एकूण बारा तुकडे. प्रत्येक तुकड्यात प्राणवायू धरणाऱ्या साखळ्या, आणि त्या तुकड्यांना एकत्र बांधणारी वेगळी प्रथिनं, जी स्वतः प्राणवायू धरत नाहीत.

या प्रथिनावर मी पीएच.डी. केली. माझी नोकरी, माझं घर, मला लोक डॉक्टर म्हणतात ते, सगळं तिच्यावर उभं आहे. माझ्यासोबत त्याच प्रयोगशाळेत, त्याच टेबलावर आणखी एकजण होता. पुढच्या टप्प्यात आम्हा दोघांपैकी एकालाच राहता येणार होतं. तो गेला, मी राहिलो. तो का गेला हे इतकी वर्षं फक्त मला माहीत होतं.

तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. आमची प्रयोगशाळा एका कॉलेजच्या मागच्या बाजूला, दगडी खोलीत होती. अंगणात जुनी विहीर होती, तिच्यावर लोखंडी जाळी आणि एक रहाट. नामांतराच्या आंदोलनाची ती शेवटची वर्षं. विद्यापीठाला घटनाकारांचं नाव द्यायचं की नाही, यावरून अख्खा मराठवाडा दुभंगला होता. कधी या बाजूचा बंद, कधी त्या बाजूचा. एसटी बंद, दुकानं बंद, भिंतींवर घोषणा. दुसरीकडे वाळूजला एकामागून एक कारखाने उभे राहत होते, आणि आमच्या वर्गातली निम्मी मुलं एमएस्सीची वाट न पाहता तिकडे लागली होती. संध्याकाळी कंपन्यांच्या बस सुटायच्या तेव्हा रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसायची. गांडुळाच्या रक्तावर काम करणारे आम्ही दोघं, म्हणजे बाकीच्यांच्या दृष्टीनं वाया गेलेले.

हा माझा टेबलावरचा जोडीदार पाचोडकडचा. बौद्ध कुटुंबातला. वडील मोसंबीच्या बागेत रोजानं जायचे. नामांतरावरून आधी झालेल्या दंगलीत त्यांचं छप्पर जळलं होतं. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, तेही दुसऱ्याच कशावरून तरी बोलताना. "आमचं छप्पर जळलं तव्हा मी सातवीला होतो," म्हणाला, आणि पुढं बोलत राहिला. मी जुन्या शहरातला, मास्तरांचा मुलगा. आमच्या घरी कुणी कुणाविरुद्ध मोठ्यानं बोलत नसे. आमच्याकडे सगळं हळू आवाजात चालायचं.

आता बाटल्यांचं सांगायला हवं.

मी प्रयोगशाळेत रुजू झालो त्या आठवड्यात आमच्या एका सीनियरनं मला बाजूला घेतलं. "तुझी द्रावणं वेगळी ठेव," म्हणाला. "एका बाटलीत दोघांचे हात नकोत." मी म्हटलं, "हो, दूषित होतात." तो म्हणाला, "तेच ते." आम्ही दोघंही एकमेकांकडे न बघता बोललो. मी माझ्या बाटल्यांवर मोठ्या अक्षरात माझं नाव घातलं आणि त्या वरच्या फळीवर ठेवल्या. बाकी सगळ्या प्रयोगशाळांत बफरची, म्हणजे आम्ल-क्षाराचं प्रमाण ठरावीक ठेवणाऱ्या द्रावणाची, एकच मोठी बाटली असते, सगळे त्यातून घेतात. आमच्याकडे दोन होत्या. कुणी विचारलं तर मी स्वच्छतेचं कारण सांगायचो, आणि ते कारण इतकं शास्त्रीय होतं की माझं मलाही पटायचं.

जोडीदारानं लेबल पाहिलं त्या दिवशी एवढंच म्हणाला, "लेबल मोठं काढलंस रे. लांबून वाचता येतंय."

मी हसलो. तो हसला की नाही आठवत नाही.

गांडुळं आणायला आम्ही त्याच्याच भागात जायचो. पाचोडच्या पलीकडे कालव्यालगत मोसंबीच्या बागा होत्या, आणि मेंढपाळ तिथं रात्रभर मेंढ्या बसवायचे. बागवाल्याला खत मिळायचं, मेंढ्यांना जागा. त्या जमिनीत बोटाएवढी जाड गांडुळं निघायची. आम्ही सकाळी खुरपी आणि डबे घेऊन उकरत बसलो की मेंढपाळाची बायको येऊन उभी राहायची.

"काय ओ, एवढ्या लांबून गांडुळं न्यायला आलाव? तुमच्या शहरात निघत नायती का?"

"निघत्यात मावशी," जोडीदार म्हणायचा. "पण तिकडची लई शिकलेली हैत. रक्त काढू देत नायत."

"रगत? ह्याला रगत असतंय व्हय?"

"असतंय. लाल."

"मग माणसाचं न् ह्याचं सारखंच म्हण की," ती म्हणायची, आणि पदर तोंडाला लावून हसायची. "न्या बाबा न्या. मेंढरं हैत तवर गांडुळाला तोटा नाय."

दुपारी त्याच्या घरी जेवण. भाकरी, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. मी पोटभर जेवलो. आणि शहरात आल्यावर मी हे किती जणांना सांगितलं! त्यांच्या घरी जेवलो, त्यांच्या आईच्या हातची भाकरी काय सुंदर. कुणी विचारलेलं नसताना सांगायचो. सांगावंसं वाटायचं यातच सगळं आलं. सोमवारी परत त्याच टेबलावर, आणि माझी बाटली वरच्या फळीवर.

काम असं होतं. गांडूळ धुवायचं, सौम्य अल्कोहोलमध्ये गुंगवायचं, पाठीवरच्या शिरेतून काचेच्या बारीक नळीनं रक्त ओढायचं. लगेच बर्फात. बर्फ स्टेशनकडच्या कारखान्यातून आणायचो. तिथला माणूस विचारायचा, "रोज रोज बरफ कायकू ले जाते मियाँ? घर में शादी है क्या?" मग ते रक्त सेलोफेनच्या पिशवीत भरून बफरमध्ये बुडवून ठेवायचं, म्हणजे बारीकसारीक क्षार बाहेर निघून जातात. आणि शेवटी उभ्या काचेच्या नळीवर चढवायचं. नळीत जेलचे बारीक मणी भरलेले. लहान रेणू मण्यांच्या छिद्रांत शिरत, रेंगाळत, उशिरा बाहेर येतात. मोठा रेणू कुठेच मावत नाही, तो सरळ खाली उतरतो.

जोडीदार नव्या मुलांना हे असं समजावायचा, "पाचोडचा बाजार बघितलाय का? पोरं परत्येक बोळात शिरत्यात, म्हणून मागं राहत्यात. बैलगाडीला बोळ मिळतच नाय, ती सडकेनं सरळ पुढं. आपलं गांडुळाचं हिमोग्लोबिन म्हंजे बैलगाडी." मी आजही वर्गात हेच सांगतो. कुणाचं आहे ते सांगत नाही.

त्यामुळे निकाल डोळ्यांनी दिसायचा. प्रथिन अखंड असेल तर एकच घट्ट लाल पट्टा नळीतून सर्वांत आधी खाली उतरतो. फुटलं असेल तर दोन-तीन फिकट पट्टे, मागं मागं रेंगाळणारे.

आमच्या मार्गदर्शक सरांचा एक आवडता विचार होता. परदेशातल्या गांडुळांचं हे प्रथिन क्षारीय बफरमध्ये फुटतं हे माहीत होतं. सर म्हणायचे, "आपली काळी माती मुळात क्षारीय. शतकानुशतकं हे गांडूळ त्या मातीत राहिलंय. याचं प्रथिन टिकायलाच पाहिजे. दाखवा मला." सर वाईट माणूस नव्हते. अभ्यासू, शिकवण्यात प्रामाणिक. पण माणसाला आपला एखादा विचार खरा ठरावा असं फार वाटायला लागलं की तो कशाला कान देतो आणि कशाला नाही, हे त्याचं त्याला कळत नाही.

आणि त्याच सुमारास सरांनी आम्हाला बसवून सांगितलं की आमच्या संशोधन-योजनेच्या पुढच्या टप्प्याला एकच संशोधक मंजूर झाला आहे. "ज्याचे निकाल पुन्हा पुन्हा तेच येतील, तो राहील," म्हणाले. "यात दुसरं काही बघणार नाही."

त्यानंतर आठवड्यानं बंद लागला. नळाला पाणी नाही, आणि डिस्टिल्ड वॉटरचं आमचं काचेचं यंत्र नळाच्या वाहत्या पाण्याशिवाय चालत नाही. जोडीदार गावी अडकला होता, एसटी बंद. मी पायी येऊ शकत होतो. रक्त काढून ठेवलेलं, बफर संपलेला, सर रोज विचारत होते. मी अंगणातल्या विहिरीचं पाणी रहाटानं काढलं, उकळलं, गाळलं, आणि त्यात माझा क्षारीय बफर केला. मोठी बाटली भरून. पाण्याचा फरक पडेल असं मनात आलं नाही. खरंच आलं नाही. हे सांगायचं कारण, पुढच्या कुठल्याच गोष्टीबद्दल मला असं म्हणता येणार नाही.

क्षारीय बफरवरची ही आमची पहिलीच खेप. नळीवर चढवलं आणि लाल पट्टा जसाच्या तसा खाली उतरला. एकच. कडा इतक्या स्वच्छ की पट्टीनं आखल्यासारख्या. सर आले, वाकून बघत राहिले. माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताचं वजन मला अजून आठवतं.

बंद सुटला, यंत्र सुरू झालं, जोडीदार परत आला. त्यानं त्याच्या बाटलीत नियमाप्रमाणे डिस्टिल्ड पाण्याचा बफर केला. त्याचा पट्टा फुटला. पुन्हा केलं, पुन्हा फुटला. माझी मोठी बाटली संपेपर्यंत हेच चाललं. तेच गांडूळ, तीच नळी, तेच मणी. वरच्या फळीवरच्या बाटलीतून अखंड, खालच्या बाटलीतून तुकडे.

सर आधी शांत होते. मग एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "या कामाला हात स्वच्छ लागतात." त्यांना काचसामान म्हणायचं होतं असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. आमचा सीनियर खिडकीबाहेर बघत होता. दुसऱ्या एकानं नंतर चहाच्या टपरीवर, तो नसताना, म्हटलं, "सवलतीनं आत येता येतं, पट्टा सवलतीनं थोडाच उतरतो?" सगळे हसले. मी चहात बिस्कीट बुडवत होतो. बिस्कीट तुटून ग्लासात पडलं, ते काढण्यात मी बराच वेळ घालवला.

जोडीदार त्या दिवसापासून काचसामान दोनदा धुवायला लागला. एकदा साबणानं, एकदा आम्लानं, मग परत डिस्टिल्ड पाण्यानं खळखळून. हात कोपरापर्यंत धुवायचा. बोटांच्या पेरांवरची कातडी पांढरी पडली होती.

मग माझी बाटली संपली. मी नवा बफर केला, आता यंत्र चालू होतं म्हणून डिस्टिल्ड पाण्याचा. आणि माझा पट्टा फुटला. अगदी त्याच्यासारखा, दोन फिकट आणि एक मागं रेंगाळणारा. मी रिकामी जुनी बाटली उजेडात धरली. तळाशी पांढरं कडं होतं, घरच्या पाणी तापवायच्या भांड्यात धरतं तसं. आई म्हणायची, विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. जड पाणी. कॅल्शियम. सरांच्याच कपाटातल्या एका लेखात होतं की या प्रथिनाचे तुकडे कॅल्शियमनं धरून राहतात. मी तो वाचलेला होता.

म्हणजे आमच्या गांडुळात विशेष काही नव्हतं. विशेष पाण्यात होतं. आणि जोडीदाराचे निकाल बरोबर होते. पहिल्यापासून.

मी तेव्हाच सांगितलं असतं तर काय झालं असतं याचा हिशेब मी पुष्कळदा केला. किती कॅल्शियमला प्रथिन टिकतं, किती कमी झालं की कुठून फुटतं, यावर दोघांनाही पुरतील इतकी कामं निघाली असती. आमच्या त्या निकालापेक्षा ते कितीतरी चांगलं संशोधन झालं असतं. हे कळण्याइतकं मला तेव्हाही कळत होतं. पण माझ्या पाठीवर सरांचा हात होता. एका परिषदेसाठी निबंधाची तयारी सुरू झाली होती. आणि जागा एक होती.

दुपारी शिपाई जेवायला गेला की मी बफरचं पाणी काढायला विहिरीवर जायला लागलो. रहाटाचा आवाज होऊ नये म्हणून दोर हळूहळू सोडायचो.

इथवर मी नुसता गप्प होतो, असं म्हणता येईल. पुष्कळ वर्षं मी स्वतःशी तेवढंच म्हणत आलो. पण गोष्ट तिथं संपत नाही.

एका सकाळी जोडीदार माझ्या टेबलापाशी आला. डोळे सुजलेले. म्हणाला, "गड्या, एक काम कर माझं. तुझ्या बाटलीतला बफर दे थोडा. एकदा तुझ्या बफरवर चालवून बघतो. त्यावर बी फुटलं, तर दोष माझ्या हाताचा. मग मला कळंल तरी."

अतिशय शहाणा प्रयोग होता तो. इतक्या दिवसांत आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. दोन बाटल्या होत्या म्हणूनच तो करायची पाळी आली होती. एकच बाटली असती तर बंदच्या दिवसांत भरलेलं विहिरीचं पाणी दोघांनीही वापरलं असतं, ते संपल्यावर दोघांचंही प्रथिन एकाच दिवशी फुटलं असतं, आणि आम्ही दोघांनी मिळून डोकं खाजवलं असतं.

मी म्हटलं, "आत्ता संपलाय. उद्या करून देतो."

आणि दुसऱ्या दिवशी मी डिस्टिल्ड पाण्यात बफर केला, माझं नाव मोठ्या अक्षरात असलेल्या बाटलीत भरला आणि त्याला दिला. माझी बाटली त्याच्या हातात गेली ती त्या एकाच वेळी.

त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली. "सांडणार नाय," म्हणाला.

मी त्या दिवशी लवकर घरी गेलो. नळीसमोर तो एकटाच बसला असणार. पट्टा फुटताना बघायला वेळ लागतो, ते सावकाश होतं. सकाळी बाटली माझ्या टेबलावर होती, धुऊन, बूच लावून, लेबलावर पाण्याचा थेंबही नाही. तो म्हणाला, "हातच हैत माझे." बस, एवढंच. त्यानं सरांना सांगितलं की मला वाळूजला औषधांच्या कारखान्यात नोकरी लागतेय, घरी गरज आहे, मी जातो. सरांना निवड करावीच लागली नाही. त्यांना सुटल्यासारखं झालं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. माझ्याही चेहऱ्यावर दिसलं असेल.

नामांतर झालं त्या जानेवारीत तो प्रयोगशाळेत आला होता. नामविस्तार म्हणा, पण आम्ही सगळे नामांतरच म्हणायचो. स्कूटरवरून आला, नवा शर्ट, हातात पेढ्यांचा खोका. सरांना दिला, शिपायाला दिला, सीनियरला दिला. सीनियरनं अर्धा तोडून घेतला आणि उरलेला खिशात ठेवला. मग जोडीदार माझ्यापाशी येऊन म्हणाला, "तोंड उघड." आणि पेढा माझ्या तोंडात घातला. "कसं चाललंय आपलं गांडूळ?"

"बरं चाललंय," मी पेढा चावत म्हटलं.

"पट्टा उतरतोय का सरळ?"

"उतरतोय."

"चांगलंय. एकाचा तरी उतरला." मग शिपायाकडे वळून म्हणाला, "काय मामा, विहिरीचं पाणी अजून जडच हाय का?" मी चावायचा थांबलो. मामा म्हणाले, "जडच की. चहा फाटतोय." दोघं हसले. त्याला पाण्याचं काही माहीत नव्हतं, तो जुन्या ओळखीनं बोलत होता. तेवढ्या वेळात सांगता आलं असतं. त्या दिवशी त्यानं कदाचित माफही केलं असतं, एवढा तो खुशीत होता. मी पेढा गिळला.

मला पीएच.डी. मिळाली. पुढं नोकरी मिळाली. सरांचा निबंध परिषदेत वाचला गेला, त्याचं पुढं काही झालं नाही, कुणी तो पडताळून पाहण्याच्याही फंदात पडलं नाही. सर गेले तेव्हाही त्यांना काळ्या मातीच्या गांडुळाचा अभिमान होता. मी दर वर्षी त्याच प्रथिनाचं चित्र फळ्यावर काढत राहिलो. दोन चाकं, बारा तुकडे. ते आता झोपेतही काढता येतं. तुकड्यांच्या मधली जागा दाखवताना खडू थोडा जोरात दाबला जातो, एवढंच.

गेल्या वर्षी मी वाळूजला त्याच्या घरी गेलो. निवृत्तीला आलेला, त्या कारखान्यात तपासणी विभागाचा प्रमुख. केस पांढरे, पोट थोडं सुटलेलं. वहिनी मुलीकडे गेल्या होत्या. त्यानं स्वतः चहा ठेवला. मी ओट्यापाशीच उभ्यानं सांगून टाकलं. विहीर, पांढरं कडं, आणि मग ती बाटली.

चहा उतू गेला, त्यानं गॅस बंद केला, फडक्यानं ओटा पुसला. बराच वेळ पुसत राहिला.

"म्हंजे आपलं गांडूळ टिकाऊ नव्हतंच," म्हणाला.

"नव्हतं. जगातल्या बाकीच्यांसारखंच."

"आणि माझा पट्टा बरोबर होता."

"होता."

"पहिल्यापासनं."

"पहिल्यापासून."

तो खुर्चीत बसला. हात टेबलावर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिला. म्हणाला, "आमच्या लॅबमधी पोरं मला हसत्यात, माहितीय का? साहेब धुतलेलं परत धुवायला लावत्यात म्हणून. पोरगी लहान होती तव्हा तिला भात भरवायच्या आधी मी हात दोनदा धुवायचो. बायको म्हणायची, काय येड लागलंय का तुम्हाला. मला वाटायचं, आपल्या हातात काहीतरी हाय. धुतलं तरी जात नाय असं."

मी खाली बघितलं. माफी मागायची म्हणून गेलो होतो, ती वाक्यं तोंडपाठ होती. त्यातलं एकही वाक्य त्या घरात बोलण्याच्या लायकीचं नव्हतं.

"तू मुद्दाम दिलीस ती बाटली," तो म्हणाला. त्याला माहीत होतंच, तरी त्याला माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

"मुद्दाम."

"बरं." मग म्हणाला, "पाण्याचं मी समजू शकतो. जागा एक होती, मी बी माणूस हाय, मी काय केलं असतं काय सांगावं. पण बाटल्या दोन का होत्या रे? जागेचं तर लई नंतर निघालं. त्याच्या आधीपासनं दोन होत्या."

चहा गार झाला होता, तो आम्ही तसाच प्यालो. कप उचलून तो मोरीकडे गेला. एकदा धुतले, पालथे घातले, मग परत उचलले आणि परत धुतले. "ही सवय आता जायची नाय," पाठमोराच म्हणाला.

दारात मी विचारलं, मी काय करू? विद्यापीठाला कळवू?

"कळव की. तिथं कोण वाचतंय, पण कळव." मग म्हणाला, "आणि लिहून काढ सगळं. नावं घालू नको, ना तुझं, ना माझं, ना सरांचं. पण बाटल्यांचं आधी लिही. पाण्याचं मागनं."

विद्यापीठाला मी कळवलं आहे. अजून उत्तर नाही. आणि हे लिहायला बसलो तेव्हा त्यानं सांगितलं तसंच करायचं ठरवलं होतं. आता सगळं लिहून झाल्यावर वर पाहतो, तर सुरुवात गांडुळाच्या रक्तापासूनच झाली आहे.